गावनकाशा वाचायला आमची मुले कधी शिकणार?

सातवीच्या कोणत्याही वर्गात जा आणि मुलांना विचारा, उत्तर दिशा कुठे आहे? बरीच मुले हात वर करून छताकडे बोट दाखवतील. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी नकाशा पाहिला तो कायम भिंतीवर टांगलेला. वर उत्तर, खाली दक्षिण. म्हणून उत्तर म्हणजे छत आणि दक्षिण म्हणजे फरशी, असा त्यांचा समज होऊन बसतो. वस्त्यांमधल्या अभ्यासवर्गांत आम्ही हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की मोजदाद राहिलेली नाही. छत दाखवणाऱ्यांत स्कॉलरशिपची परीक्षा पास झालेली मुलेही होती. महाराष्ट्राचे जिल्हे त्यांना तोंडपाठ होते, गोदावरीचा उगम पाठ होता. पण आपली वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला आहे, हे मात्र सांगता येत नव्हते.

एका मुलाने उत्तर दिले, ‘गावाच्या बाहेर.’ आम्ही दिशा विचारली होती. त्याने व्यवस्था सांगितली.

आमच्या शाळांत नकाशा ‘भरायला’ शिकवतात, वाचायला शिकवत नाहीत. छापील आराखडा मिळतो, त्यात मुंबई दाखवा, कोयना दाखवा, काळ्या मृदेचा प्रदेश रंगवा. सराव झाला की मूल डोळे मिटून ठिपके देते आणि गुण मिळवते. दहावीपर्यंत हेच चालते. त्याच मुलासमोर न पाहिलेला नकाशा ठेवला आणि विचारले की या टेकडीवरून पाणी कोणत्या बाजूला वाहील, या दोन विहिरींत अंतर किती, तर ते गप्प बसते. अक्षरे गिरवता येणे आणि वाचता येणे यात जेवढा फरक आहे तेवढाच हा फरक आहे.

आम्ही सगळा दोष पुस्तकावर टाकणार नाही. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या भूगोलात पृथ्वीगोल आणि नकाशा यांची तुलना होती, क्षेत्रभेट होती. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात समोच्च रेषांचा धडा आला, २०१८ च्या आठवीच्या पुस्तकात नकाशाप्रमाणाचा. ज्यांनी हे धडे लिहिले त्यांना नकाशा म्हणजे काय ते कळत होते. पण धडा वर्गात पोहोचतो तेव्हा त्याची प्रश्नोत्तरे होतात. ‘नकाशाप्रमाण म्हणजे काय? व्याख्या लिहा.’ व्याख्या लिहिली की प्रमाण संपले. क्षेत्रभेट तर बहुतेक ठिकाणी सहल होऊन जाते. आणि भिंतीचा नकाशा? तो फाटेल म्हणून गुंडाळून मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठेवलेला असतो.

वाचक म्हणतील, चळवळीपुढे एवढे प्रश्न पडले असताना हा भूगोलाचा तास कशाला काढलात? सांगतो.

आमच्या पूर्वजांपैकी ज्यांच्याकडे महारकीचे वतन होते, त्यांच्या अनेक सक्तीच्या कामांत गावाची शीव राखणे हे एक काम होते. शिवेचा कोणता दगड कुठे, कोणत्या ओढ्यापासून हद्द वळते, कोणते झाड दोन गावांच्या मध्ये आहे, हे त्यांना पायांनी ठाऊक होते. दोन गावांत शिवेवरून तंटा झाला तर त्यांची साक्ष मोलाची मानली जाई. ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही हे लिहून ठेवले आहे. ज्याला गावात राहण्याचा हक्क नव्हता, त्यालाच गाव कुठे संपते हे सर्वांत चांगले माहीत होते. ती गुलामी होती आणि ती गेली हे उत्तम झाले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले, पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. त्या वतनाचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

पण दरम्यान एक गोष्ट घडली, तिच्याकडे आमचे लक्ष गेले नाही. १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन पाहणी सुरू झाली. साखळ्या टाकल्या गेल्या, दगड रोवले गेले, टिपणे झाली, नकाशे निघाले. शीव जमिनीवरून उचलून कागदावर ठेवली गेली आणि कागद दप्तरात गेला. दप्तर ज्यांच्या हातात, शीव त्यांच्या हातात. शिवेवर चालणारा माणूस साक्षीतून बाद झाला, कारण त्याला कागद वाचता येत नव्हता. आज तो वाचता येतो का? आमच्यात पदवीधर झाले, प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. तरी गावनकाशा उलगडून दाखवा म्हटले तर त्यातले किती जण पुढे येतील?

मराठवाड्यातल्या एका गावातली गोष्ट. विहारात उन्हाळी वर्ग होता, सहावी ते आठवीची मुले होती. आम्ही गावनकाशाची झेरॉक्स फरशीवर पसरली आणि विहाराच्या दारातून सकाळचे ऊन येत होते त्यावरून पूर्व धरून कागद फिरवून ठेवला. नकाशा भिंतीवरून फरशीवर उतरला की अर्धे काम होते, हा आमचा अनुभव आहे. मग मुलांनी गावठाण शोधले, ओढा शोधला, शाळा शोधली. सातवीतल्या एका मुलीने दोन समांतर तुटक रेषांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘सर, हे काय?’ आम्ही म्हणालो, गाडीमार्ग. एकच तुटक रेष असेल तर पायवाट. ती रेषा वस्तीकडून निघून स्मशानभूमीवरून पुढे गायरानाकडे आणि शेजारच्या गावाला जात होती. मुलगी म्हणाली, ‘पण तिथं रस्ता नाही. तिथं शेत आहे.’

अंतर काढायला सांगितले. नकाशावर लिहिले होते, १ इंच म्हणजे २० साखळी. ही साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. म्हणजे १ इंचाला ६६० फूट. मुलांनी रेषेवर दोरा ठेवून मोजला, वस्तीपासून स्मशानापर्यंत दीड इंच भरला. ९९० फूट. आठवीतल्या एकाचे पाऊल दोन फुटांचे निघाले, म्हणजे ४९५ पावले. सगळी पलटण मोजत निघाली. ४९५ पावले संपली आणि स्मशान अजून बरेच पुढे होते. मुले हिरमुसली. नकाशा खोटा आहे, असे एकाने जाहीर करून टाकले.

नकाशा खोटा नव्हता. झेरॉक्सवाल्याने कागदात बसावा म्हणून तो पाऊणपट करून दिला होता. चित्र लहान झाले, पण ‘१ इंच = २० साखळी’ ही अक्षरे तीच राहिली. शाळेपासून पुलापर्यंतचा सरळ रस्ता टेपने मोजून आणि नकाशावर ताडून मुलांनीच ही चूक पकडली. दीड इंच म्हणजे मूळचे दोन इंच, १३२० फूट, ६६० पावले. दुसऱ्या दिवशी बरोबर आले. नकाशाखाली आखलेली पट्टी असती तर ती चित्रासोबतच लहान झाली असती आणि फसगत झाली नसती. शब्दांत लिहिलेले प्रमाण आणि रेषेने दाखवलेले प्रमाण यांतला हा फरक आठवीचा धडा दोन तासांत शिकवतो. या मुलांना तो जन्मभर विसरता येणार नाही, कारण तो त्यांच्या पायांना कळला.

वाटेत वस्तीतली एक आजी काठी टेकत सोबत आली होती. नांगरलेल्या रानाकडे काठी करून ती त्या मुलीला म्हणाली, ‘इथूनच तर गाडी जायची. तुह्या आज्याला याच वाटानं नेलं.’ आजीला वाट ठाऊक होती, कागदालाही वाट ठाऊक होती. मधल्या काळात त्या दोघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. तेवढ्यात वाट नांगराखाली गेली आणि पावसाळ्यात मयत न्यायचे तर बांधावरून कसरत करत न्यायची वेळ आली.

शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत मागावी लागते. नांगराचे पहिले तास वाटेवर पडले त्या वर्षी वस्तीत नकाशा वाचणारे एक पोर असते तर? आता गावकऱ्यांचा अर्ज तहसीलमध्ये आहे, सोबत मुलांनी काढलेला नकाशाही जोडला आहे. तारखा पडत आहेत.

गायरानाचे तेच. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे लढे उभारले, १९६४-६५ चा देशव्यापी सत्याग्रह केला, बायामाणसे तुरुंगात गेली. त्या बळावर लोकांनी पड जमिनी कसल्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा मार्ग दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढा म्हटले, त्या निकालातही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. म्हणजे कागद दाखवता आला तर बोलायला जागा आहे. आणि आमच्या लोकांकडे कागद काय असतो? जुन्या दंडाच्या पावत्या, एखादा पंचनामा आणि त्यात ‘गायरानात अंदाजे दोन एकर’ एवढेच. कोणत्या गटात, कोणत्या कोपऱ्यात, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, काहीच नाही. चतुःसीमा लिहिली नाही, कारण लिहून घेणाऱ्याला गरज वाटली नाही आणि अंगठा देणाऱ्याला माहीत नव्हते. तीस वर्षे घाम गाळलेली जमीन नकाशावर कुठे आहे हे दाखवता येत नसेल तर ती आहे हे सिद्ध कसे करणार?

म्हणून आमचे म्हणणे आहे की सहावी ते आठवी या तीन वर्षांत नकाशावाचन शिकलेच पाहिजे. का याच वयात? चौथीच्या मुलाला प्रमाणाचे गणित झेपत नाही आणि नववीनंतर मूल परीक्षेच्या घाण्याला जुंपले जाते. मधल्या वयात गुणोत्तर आलेले असते, पायांत बळ असते आणि गावभर हिंडायला कोणी अडवत नाही. अर्थात मुलींना अडवतात. त्यासाठी वर्गाने एकत्र फिरणे हाच उपाय आम्हाला सापडला आहे.

सुरुवात भारताच्या नकाशापासून करू नये. मुलाने आधी स्वतःच्या वस्तीचा नकाशा काढावा. नळ, विहार, किराणा दुकान, अंगणवाडी, शौचालय, गटार. प्रत्येकाला खूण ठरवावी आणि कोपऱ्यात सूची लिहावी. दहा मुलांचे दहा नकाशे वेगळे येतील. ते शेजारी ठेवले की मुलांना आपोआप कळते की नकाशा काढणारा काय दाखवायचे ते ठरवतो. एकाने गटार दाखवले, दुसऱ्याने नाही. ज्याच्या दारातून गटार जाते त्याने दाखवले! नकाशामागे माणूस असतो आणि त्याची नजर असते, हे सांगायला याहून दुसरे व्याख्यान नको.

समोच्च रेषांना मुले घाबरतात. एका परातीत मातीची ओबडधोबड टेकडी करा. एक बोट पाणी ओता, पाण्याची कड जिथे लागते तिथे काडीने रेघ ओढा. आणखी एक बोट पाणी, आणखी एक रेघ. मग पाणी काढून टाका आणि वरून पाहा. रेषा जवळजवळ तिथे चढ उभा, लांब तिथे सपाट. अर्ध्या तासात सातवीचा धडा पुरा होतो. त्यानंतर मुलांना विचारा, गावाची पाण्याची टाकी कुठे बांधली, आपली वस्ती कुठे आहे, नळाला पाणी शेवटी का येते? अनेक गावांत आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, उताराला बसवलेली दिसेल. गावाने वापरलेले पाणी खाली येते. जातीला उतार असतो, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नाही, पण समोच्च रेषांत दिसते.

मग गटाचा नकाशा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट, असे चाळीस म्हणजे एकर. मैदानावर एक गुंठा चुन्याने आखून मुलांना त्यात उभे करावे. जमीन काय असते ते भूमिहीनाच्या पोरांना कळू द्या. जुना सर्व्हे नंबरचा नकाशा आणि १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झाल्यानंतरचा गटाचा नकाशा असे दोन्ही मिळवावेत आणि ताडून पाहावेत. जुन्यात असलेली वाट नव्यात गायब झालेली कधीकधी सापडते. भूमी अभिलेख कार्यालयात प्रती मिळतात, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही गटांचा नकाशा पाहता येतो.

शहरातल्या वस्त्यांनी हे खेड्याचे दुखणे समजू नये. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, नकाशा महापालिकेत लागतो, हरकतींची मुदत ठरलेली असते. नदीकाठच्या वस्तीवरून निळी पूररेषा गेली की बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधोमध आले तर नियम वेगळे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निवडणुकीआधी प्रभागरचनेचा मसुदा येतो तेव्हा एखादी मोठी वस्ती मधोमध चिरून दोन प्रभागांत वाटलेली असते. आमचे कार्यकर्ते निकालानंतर गणित मांडतात. नकाशा लागला होता तेव्हा तो पाहायला किती जण गेले होते?

बाबासाहेबांनी कोणत्याही प्रश्नाला हात घातला की आकड्यांचे तक्ते आणि नकाशे पुढे ठेवले. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी जिल्हावार लोकसंख्या मांडून सीमेचा विचार केला. १९५५ च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी नकाशे जोडले आणि महाराष्ट्राची चार राज्ये कशी पडतील ते रेषा ओढून दाखवले. ते मत पटो न पटो, वाद घालणाऱ्याला नकाशासमोर बसूनच वाद घालावा लागतो. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी हाताळली, तेव्हा प्रांतांच्या सीमा ओलांडून नदीचे सबंध खोरे हे एकक धरण्याचा विचार पुढे आला. ज्याला नकाशात खोरे दिसते त्यालाच हे सुचू शकते. आम्ही त्यांचा फोटो लावतो, त्यांच्या टेबलावरचा नकाशा विसरतो.

हल्ली एक नवे उत्तर ऐकू येते. मोबाईलमध्ये नकाशा आहे, आता शिकायचे काय? मोबाईल तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो. जमीन कोणाची, हद्द कुठली, वाट सरकारी की खासगी, हे सांगत नाही. वळा म्हटले की वळायचे, याला वाचन म्हणत नाहीत. आणि त्या नकाशावर आपल्या वस्तीचे नाव काय लिहिले आहे, तेही एकदा मुलांना पाहायला सांगा. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. फलक बदलले, कागदोपत्री आणि नकाशांत जुने नाव कुठे कुठे राहिले आहे हे शोधणे आठवीच्या मुलांना सहज जमेल. ते नाव पहिल्यांदा छापलेले पाहून मूल गप्प होते. शिक्षकाने त्या वेळी पुढच्या धड्याकडे पळू नये, तिथेच थांबावे.

शाळा हे सगळे करतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिक्षकांना निवडणुकीची कामे आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे, आणि काही ठिकाणी गटाचा नकाशा वर्गात आणला म्हणून गावातल्या बड्या लोकांची नाराजी ओढवून घ्यायची त्यांची तयारी नाही, हेही आम्ही समजू शकतो. पण आमच्या विहारांचे काय? तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी कपाटे भरली आहेत आणि भिंतीवर त्या गावाचा नकाशा नाही. नोकरदार बांधव जयंतीला वॉटर कूलर देतात, साउंड सिस्टिम देतात. एकाने तरी गावनकाशाची मूळ मापाची प्रत मढवून द्यावी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आमचे कितीतरी लोक पेन्शन घेत घरी बसले आहेत. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. आठवड्यातला एक रविवार त्यांनी पोरांना द्यावा.

त्या गावातला वर्ग यंदाच्या सुट्टीत पुन्हा भरला. ती मुलगी आता आठवीत गेली आहे. तिने शेजारच्या वस्तीतल्या सहावीच्या मुलांना फरशीवर बसवले, नकाशा उन्हाप्रमाणे फिरवून ठेवला आणि पहिल्यांदा विचारले, ‘ही झेरॉक्स कुणी काढली? लहान तर केली नाही ना?’